गाव सोडून शहरात कामाला जाताना: निघण्याआधीपासून पहिल्या वर्षापर्यंतची तयारी

महाराष्ट्रात गावाकडून शहराकडे जाणारी वाट जुनी आहे. कोकणातले चाकरमानी आणि घाटावरची माणसं मुंबईच्या गिरण्यांत लागली, त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून कुटुंबंच्या कुटुंबं मुंबई-पुण्याकडे आली. आज कुणी सेंटरिंगच्या कामाला येतं, कुणी वॉचमन म्हणून, कुणी डिलिव्हरीला, कुणी धुणीभांडी करायला, कुणी चाकण-रांजणगावच्या कंपनीत कंत्राटी हेल्पर म्हणून.

गिरणीच्या काळात येणाऱ्यासाठी गिरणगावात गावकीची खोली असायची. ट्रंक तिथे टाकायची, खाणावळीत जेवायचं, पाळीपाळीनं झोपायचं आणि गावचाच कुणीतरी गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवून द्यायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि तो आधारही विरला. आता येणाऱ्याला बऱ्याच गोष्टी एकट्यानं उभ्या कराव्या लागतात.

शहरात काम मिळत नाही अशी तक्रार मी फारशी ऐकलेली नाही. अंगमेहनतीची तयारी असेल तर काहीतरी मिळतंच. निसटतं ते बाकीचं: रेशन, मुलांची शाळा, दवाखान्यातली सवलत, केलेल्या कामाचे पैसे. गावात सगळे ओळखतात, त्यामुळे कागदावाचून अडत नाही. शहरात तुमची कुठेच नोंद नसेल, तर तुमच्या हक्काचं असूनही हातात काही पडत नाही. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी नोंदीभोवती फिरते: गावातली नोंद तुटू द्यायची नाही आणि शहरातली पहिल्या दिवसापासून तयार करायची.

हे प्रामुख्यानं राज्यातल्याच एका जिल्ह्यातून मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांत जाणाऱ्यांसाठी आहे. केंद्राच्या योजना मात्र राज्याबाहेर जाणाऱ्यांनाही तशाच लागू आहेत.

पायरी १: कोण जाणार आणि किती पैसे घेऊन

सगळं बिऱ्हाड एकदम हलवू नका. आधी घरातल्या एकानं जावं आणि काम, खोली बघून ठेवावी. बाकीच्यांनी शाळेचं वर्ष संपलं की उन्हाळ्यात यावं. मधल्या काळात दोन चुली चालवाव्या लागतात हे खरं, पण मुलाची शाळा नोव्हेंबरात तुटली की ती पुन्हा जुळवणं त्याहून महाग पडतं.

शहर निवडताना ओळख कुठे आहे हे बघाच, पण आपला हात कशात बसलेला आहे हेही बघा. वेल्डिंग, फिटिंग येत असेल तर पुण्याच्या कारखान्यांचा पट्टा बरा. हमाली, मार्केटचं काम करायचं असेल तर वाशीच्या बाजारात साताऱ्याकडच्या माणसांची पिढ्यान्‌पिढ्या साखळी आहे. गाववाल्यांच्या ओळखीनं पहिलं काम लवकर मिळतं. मात्र ते ज्या कामात आहेत त्यातच तुम्हीही अडकता, हेही मनात असू द्या. सहा महिन्यांनी आजूबाजूचे दरही विचारून घ्या.

पैशांचा हिशेब असा करा. पहिला पगार साधारण दीड महिन्यानं हातात येतो, कारण कामाला लागेपर्यंत काही दिवस जातात आणि पगार महिना भरल्यावर होतो. त्यामुळे खोलीचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं आणि दोन महिन्यांचं खाणं-प्रवास एवढी रक्कम जवळ हवी. ती नसेल तर निघणं महिनाभर पुढे ढकला. जनावरं विकून किंवा सावकाराकडून घेऊन जाऊ नका. मुकादमाकडून उचल घेऊन तर अजिबात नको. ऊसतोडीच्या टोळीत जे होतं तेच वीटभट्टीवर आणि बांधकामावरही होतं: उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, दर मुकादम ठरवतो आणि हिशेबाची वही त्याच्याच खिशात असते.

पायरी २: गावातली कामं उरकून घ्या

या पायरीला किमान एक महिना द्या. शहरात गेल्यावर यातल्या एकेका कागदासाठी रजा, एसटीचं भाडं आणि बुडालेली हजेरी मोजावी लागते.

सगळ्यात आधी मोबाईल नंबर. आधार, बँक खातं आणि रेशनकार्ड यांना एकच चालू नंबर जोडा आणि शहरात गेल्यावरही तोच ठेवा. बरेच जण पोचल्यावर नवीन सिम घेतात आणि जुनं पडून राहतं. ९० दिवस वापर झाला नाही तर नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. मग ओटीपी जातो अनोळखी माणसाकडे आणि तुमचं प्रत्येक काम खोळंबतं. जुना नंबर घरात दुसऱ्या कुणी वापरत असेल तर तुमच्या आधारला तुमचा स्वतःचा नंबर जोडून घ्या.

रेशनकार्डावरच्या प्रत्येकाचं ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालंय का हे दुकानदाराला विचारा. नवी सून, लहान मूल यांची नावं चढवून घ्या. मयत माणसाचं नाव राहिलं असेल तर तेही कमी करा.

जातीचा दाखला आणि जात वैधता याकडे फार जण दुर्लक्ष करतात. हा दाखला तुमचं कुटुंब मूळ जिथलं आहे तिथूनच निघतो. पुरावे लागतात ते मानीव दिनांकाच्या, म्हणजे प्रत्येक प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधीच्या वास्तव्याचे: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला, जुना सातबारा, कोतवाल बुकातली नोंद. ही कागदं गावातल्या शाळेत आणि तहसील कचेरीत असतात. मुलगी बारावीला गेल्यावर पुण्यातून पळापळ करण्यापेक्षा निघण्याआधी नकला काढून ठेवा. दाखला आधीच निघाला तर उत्तमच.

जमीन असेल तर ती कोण कसणार हे तोंडी ठरवून निघू नका. भावाला किंवा शेजाऱ्याला बटईनं दिली तरी साध्या कागदावर वर्ष, गट नंबर, वाटा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. यात अविश्वास दाखवल्यासारखं वाटून घेऊ नका. वर्षानुवर्षं तोंडी व्यवहार चालला की पुढची पिढी भांडते. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची मोबाईलवरून होणारी नोंद, शेतात उभं राहून, पिकाचा फोटो काढूनच होते. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची पाहणी करता येते, तेव्हा गावातल्या कुणावर तरी ही जबाबदारी नक्की टाका. पाहणी झाली नाही तर पिकाचा रकाना कोरा राहतो आणि गारपीट-अतिवृष्टीची भरपाई, पीकविमा यांत अडचण येते. सातबारा वर्षातून दोनदा मोबाईलवर उघडून बघायची सवय लावा. घरपट्टी भरत राहा आणि पावत्या जपा.

पायरी ३: पिशवी

मूळ कागद शक्यतो घरी ठेवा आणि बरोबर छायाप्रतींचे दोन संच न्या. आधार आणि बँक पासबुक मात्र मूळ लागतं. मुलांचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, शाळेचा दाखला, पासपोर्ट साईझचे दहा-बारा फोटो आणि चालू औषधांची चिठ्ठी असू द्या. प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरातल्या दोन मोबाईलमध्ये ठेवा. मुक्कामाच्या खोलीत पावसाचं पाणी शिरलं तर एवढंच हाती राहतं.

पायरी ४: खोली

पहिले पंधरा-वीस दिवस नातेवाइकाकडे किंवा कॉट बेसिसवर (एका खाटेपुरत्या भाड्यानं) काढा आणि काम नक्की झाल्यावरच खोली घ्या. आधी खोली घेतली आणि काम दुसऱ्या टोकाला मिळालं, तर डिपॉझिट अडकतं आणि रोजचे तीन-चार तास प्रवासात जातात. दिवा, नालासोपारा, बदलापूर इकडे भाडं कमी असतं, पण हिशेब भाड्याचा एकट्याचा करू नका. भाडं, रेल्वेचा पास, स्टेशनपासूनची शेअर रिक्षा आणि प्रवासामुळे बुडणारा ओव्हरटाइम हे सगळं धरून दोन ठिकाणांची तुलना करा. घरातली बाई घरकाम करणार असेल तर तिच्या कामाच्या सोसायट्या चालत जाण्याच्या अंतरावर हव्यात, हे सगळ्यात आधी बघा.

खोली दलालाबरोबर दुपारी बघून ठरवू नका. संध्याकाळी सातच्या सुमाराला पुन्हा एकटे जा. दारात ड्रमांची रांग असेल तर पाणी कमी येतं हे समजा. पाण्याची वेळ मालकाला विचारण्याऐवजी नळावर हंडा लावून उभ्या असलेल्या बाईला विचारा. पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे ती नेमकं सांगते. भिंतीवर खालून हात-दीड हातावर ओलीची रेघ दिसते का बघा. ती पावसात पाणी कुठवर चढतं त्याची खूण असते. मालकानं नवीन रंग मारला असेल तर शेजारच्या खोलीची भिंत बघा. संडास सार्वजनिक असेल तर तो रात्री उघडा असतो का, आत दिवा आहे का, वाटेवर उजेड आहे का, हे घरातल्या बायकांनी स्वतः चालत जाऊन बघावं. या एका गोष्टीपायी बायका संध्याकाळनंतर पाणी प्यायचं बंद करतात आणि दुखणी ओढवून घेतात.

वीज सबमीटरवर असेल तर युनिटचा दर आधी ठरवा आणि राहायला जाताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा.

आता करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं; ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी ऑनलाइन होते. महापालिका-नगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असतं (डिपॉझिटवर थोडी वेगळी आकारणी होते). हा खर्च निम्मा-निम्मा करायला मालक बहुधा तयार होतो. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही द्यायला सांगा. तीही तुमच्या वास्तव्याची एक नोंदच आहे.

वस्तीतल्या खोल्यांचे मालक अनेकदा नोंदणीला नाहीच म्हणतात, कारण जागेचे कागद त्यांच्याकडेही नसतात. तिथे निदान एवढं करा: डिपॉझिट आणि भाडं रोख देऊ नका, यूपीआयनं द्या आणि शेरा लिहा, 'डिपॉझिट, खोली क्रमांक अमुक' किंवा 'जूनचं भाडं'. वर्षभराच्या अशा नोंदी वाद झाला तर उपयोगी पडतात.

पायरी ५: काम आणि कामाचे पैसे

या पायरीवर सगळ्यात जास्त लुबाडणूक होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नोकरी लावण्यासाठी पैसे मागणारा माणूस टाळा. सिक्युरिटी एजन्सीत युनिफॉर्म आणि 'ट्रेनिंग'च्या नावाखाली आधी रक्कम भरून घेतात आणि पहिल्या दोन महिन्यांत माणूस कंटाळून सुटला की ती बुडते. राज्यात सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ च्या कायद्यानं मंडळं आहेत आणि हमाल-माथाडींसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीचा तो वारसा. मंडळाकडे नोंद झालेल्या कामगाराची मजुरी मंडळातर्फे मिळते आणि भविष्य निर्वाह निधी, दवाखाना यांची सोय असते. तिथे नंबर लागायला वेळ लागतो, पण चौकशी पहिल्याच वर्षी करा.

महिन्याच्या पगाराचं काम असेल तर नेमणूकपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते देणं मालकावर बंधनकारक केलंय. पगाराच्या चिठ्ठीवर पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) यांची कपात दिसते का बघा. ईएसआयमध्ये सध्या महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार येतात. पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो आणि कुटुंबाला दवाखाना मिळतो. गावी राहणाऱ्या आईवडिलांची नावंही अवलंबित म्हणून घालता येतात का, हे फॉर्म भरतानाच विचारा.

पीएफचा यूएएन, म्हणजे खातेदाराचा नंबर, आयुष्यभर एकच असतो. कंत्राटदार बदलला की नवा नंबर काढू देऊ नका, जुनाच द्या. नोकरी सुटली की लगेच पैसे काढायचा मोह होतो, पण पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते आणि ती तुकड्यांची असली तरी जोडता येते. नॉमिनीचं नाव भरलंय का हे एकदा स्वतः तपासा.

रोजंदारीवर, पुण्यातल्या मजूर अड्ड्यावर किंवा मुंबईतल्या नाक्यावर उभं राहत असाल तर वही हा तुमचा एकमेव पुरावा. खिशात मावेल अशी डायरी घ्या. रोज संध्याकाळी चार गोष्टी लिहा: तारीख, साइटचा पत्ता, ठरलेली मजुरी, मिळालेले पैसे. शिवाय बरोबर कोण होतं त्याचं नाव. महिन्यातून दोन-तीनदा साइटवर फोटो काढा, मागे बिल्डरचा फलक येईल असा, कारण फलकावर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) क्रमांक आणि बिल्डरचं नाव असतं. मुकादमाशी पैशांचं बोलणं फोनवर झालं तरी नंतर एक मेसेज टाका: 'दादा, १२ हजेऱ्यांचे पैसे बाकी आहेत, शनिवारी देणार म्हणालात.' त्यानं 'हो' लिहिलं की काम झालं.

माझ्या ओळखीच्या एका सेंटरिंगवाल्यानं अशी वही ठेवली होती. मुकादम फोन बंद करून पळाला. नुसतं 'पैसे बुडाले' म्हणत गेला असता तर बिल्डरच्या ऑफिसातून हाकलून दिलं असतं. त्यानं तारखांचं पान समोर ठेवलं, बरोबरचे तिघं उभे केले. कंत्राटदारानं मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हेही त्याला ठाऊक होतं. पैसे दोन हप्त्यांत निघाले.

असं नाही जमलं तर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वकिलाची गरज पडली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे. किमान वेतनाचे दर कामाच्या प्रकाराप्रमाणे आणि परिमंडळाप्रमाणे वेगळे असतात आणि विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत बदलतो. म्हणून मागच्या वर्षीच्या आकड्यावर वाद घालू नका, ताजा दर विचारा. ओव्हरटाइम दुप्पट दरानं असतो.

दोन नोंदण्यांपैकी जी लागू असेल ती नक्की करा. पहिली ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची केंद्राची नोंदणी, वय १६ ते ५९ आणि पीएफ-ईएसआय नसलेल्यांसाठी. ती मोबाईलवर किंवा सेवा केंद्रात होते आणि १२ अंकी नंबर मिळतो. दुसरी बांधकामावरच्यांसाठी: महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. मुलांच्या शिक्षणाची मदत, बाळंतपण, अपघात, मृत्यू अशा अनेक लाभांची दारं त्यातून उघडतात. बिल्डर बांधकाम खर्चावर जो १ टक्का उपकर भरतो त्यातून हे पैसे येतात, म्हणजे ते तुमच्याच कामावर जमा झालेले आहेत. नूतनीकरण चुकवू नका. गरोदरपणात किंवा आजारपणात अर्ज करायला जावं आणि नोंदणी संपलेली निघावी, असं फार होतं. ९० दिवसांच्या प्रमाणपत्रासाठी वरची वही पुन्हा कामाला येते. आणि हे कार्ड काढून देतो म्हणून हजारो रुपये घेणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका.

घरकाम करणाऱ्या बायकांसाठी २००८ च्या कायद्यानं वेगळं कल्याण मंडळ आहे. ज्या घरी काम करता तिथे लैंगिक त्रास झाला तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तातडीला ११२ आणि महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करा.

पायरी ६: रेशन

२०२० च्या टाळेबंदीत हजारो माणसं चालत गावी निघाली, त्यामागे मजुरी थांबण्याबरोबर हेही एक कारण होतं: कार्ड गावी, धान्य गावच्या दुकानात आणि माणूस भिवंडीत. त्यानंतर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना मुदत घालून दिली आणि २०२२ च्या जूनपर्यंत 'एक देश एक रेशनकार्ड' सगळीकडे लागू झालं. तरीही 'कार्ड गावचं आहे, इथे चालत नाही' हे वाक्य अजून ऐकू येतं. चालतं.

कार्डावर अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंब असा शिक्का असेल तर शहरातल्या कोणत्याही रेशन दुकानात १२ अंकी शिधापत्रिका क्रमांक किंवा आधार सांगा आणि ई-पॉस मशीनवर अंगठा द्या. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो, तेही मोफत. कार्ड बदलायची किंवा आधारवरचा पत्ता बदलायची गरज नाही. काही जण शहरात आणि काही गावी असतील तर ज्यानं त्यानं आपल्या वाट्याचं घ्यावं. फक्त महिन्याच्या सुरुवातीला फोनवर ठरवून घ्या. गावी पूर्ण कार्डाचं उचललं गेलं की त्या महिन्यात शहरात काही उरत नाही. पावती मागून घ्या, त्यावर उरलेलं धान्य दिसतं. दुकानदार नाही म्हणाला तर त्याच्यासमोरच १४४४५ किंवा १९६७ वर फोन लावा.

पायरी ७: मुलांची शाळा

६ ते १४ वर्षांच्या मुलाला सरकारी किंवा महापालिकेच्या शाळेत वर्षात कधीही घेतलंच पाहिजे. शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो की जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही आणि वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारताही येत नाही. तरी निघताना गावच्या मुख्याध्यापकांकडून दाखला आणि विद्यार्थ्याचा ऑनलाइन नोंदणी क्रमांक लिहून घ्या. तो क्रमांक असला की नवी शाळा मूल आपल्याकडे ओढून घेऊ शकते. नाहीतर एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात आणि दहावीच्या फॉर्मला घोळ होतो. मधले काही महिने बुडाले तरी मूल वयाप्रमाणेच्या वर्गात बसतं. त्याला खालच्या वर्गात टाकू देऊ नका.

सहा वर्षांखालच्यांसाठी अंगणवाडी. वस्तीतल्या सेविकेला जाऊन भेटा आणि गावची नोंद इकडे घ्यायला सांगा. गरोदर बाईची नोंदही तिच्यामार्फत होते. लहान मुलांना साइटवर घेऊन जाणं टाळाच. वाळूच्या ढिगाशेजारी झोपवलेलं मूल आणि मागे येणारा डंपर, असे अपघात दर वर्षी होतात.

पायरी ८: दवाखाना

राहायला आल्याच्या पहिल्या आठवड्यात, कुणी आजारी नसताना, जवळचं महापालिकेचं आरोग्य केंद्र आणि मोठं सरकारी रुग्णालय कुठे आहे ते बघून या. मुंबईत वस्त्यांमध्ये 'आपला दवाखाना' आहेत. मोठ्या दुखण्याला केईएम, सायन, नायर, आणि पुण्यात ससून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत आहेत. गावचं रेशनकार्ड राज्यभरातल्या योजनेतल्या रुग्णालयांत चालतं. ॲडमिट होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या खिडकीवर जा. बिल भरून झाल्यावर मागाहून काही मिळत नाही.

दाटीच्या खोल्यांत टीबी पसरतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. तपासणी, औषधं सगळं फुकट आहे आणि मध्येच गावी जावं लागलं तरी उपचार तिकडे बदलून मिळतो. न सांगता निघून जाऊन गोळ्या मात्र तोडू नका.

पायरी ९: मत, विमा

कुटुंब कायमचं हललं असेल तर फॉर्म ८ भरून मतदार यादीतलं नाव शहरात आणा. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यानं चालत नाही. गावच्या ग्रामपंचायतीत मत देण्याची ओढ मला समजते. पण वस्तीतला नळ आणि संडास नगरसेवकाच्या हातात असतो आणि ज्या गल्लीत मतं नाहीत तिथे तो फिरकत नाही.

बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा निघतो. दोन्ही सुरू करा. महत्त्वाचं म्हणजे ते असल्याचं घरी सांगून ठेवा. कागद कुठे आहेत हे बायकोला माहीत नसतं आणि दाव्याची मुदत निघून जाते.

पायरी १०: खोली किंवा गुंठा विकत घेण्याआधी

दोन-तीन वर्षांत हातात थोडे पैसे आले की हा मोह होतोच. मुंबईत झोपडपट्टीतली खोली 'कागद करून' विकायला निघते. पुनर्वसनासाठी १ जानेवारी २००० पर्यंतच्या झोपडीला मोफत घर आणि १ जानेवारी २०११ पर्यंतच्याला पैसे भरून घर, अशा मर्यादा आहेत. विकणाऱ्याचं वास्तव्य जुनं असलं तरी ते नोटरीच्या कागदानं आपोआप तुमचं होत नाही. पुण्याच्या कडेला एक-एक गुंठ्याचे तुकडे स्टॅम्पपेपरवर विकले जातात. मोठ्या गटातले ते तुकडे असतात, नुसत्या स्टॅम्पपेपरवर स्वतंत्र सातबारा होत नाही, बांधकामाची परवानगी अडते आणि एकच गुंठा दोघांना विकल्याचं नंतर कळतं.

पैसे देण्याआधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका स्वतः काढा, दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या व्यवहारांचा उतारा) बघा आणि प्रकल्प असेल तर महारेराचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर घालून तपासा. विकणाऱ्यानं आणून दिलेल्या छायाप्रतीवर जाऊ नका. नोंदणीकृत खरेदीखत होणार नसेल तर तो व्यवहार सोडा, कितीही स्वस्त असला तरी.

परत जायचं ठरलं तर

काही कुटुंबं वर्ष-दोन वर्षांनी परत जातात. त्यात कमीपणा मानू नका. निघण्याआधी मात्र मालकाकडून राहिलेला हिशेब आणि कामाचं प्रमाणपत्र घ्या. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख चढली आहे का बघा, नाहीतर पैसे काढताना अडतं. मुलांचा दाखला घ्या. वीजबिल चुकतं करून मीटरचा फोटो काढा, खोलीची चावी देतानाच डिपॉझिट परत घ्या आणि 'दोन दिवसांनी पाठवतो' यावर गाडीत बसू नका. बांधकाम मंडळाची नोंदणी गावाकडेही चालू ठेवता येते. तालुक्याच्या ठिकाणी घरकुलाची, रस्त्याची कामं चालूच असतात आणि ९० दिवस तिथेही भरतात.